ताण चालू आहे, पाणी टाकू नये

कळंबे सर कोणाच्याही घरी गेले की आधी केळी शोधतात. खायला नव्हे. सापडली की ती उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो खिडकीत नेऊन ठेवतात. मग परत येऊन खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "हं, आता बोला." यजमान नवा असेल तर बिचकतो. जुना असेल तर सर फाटकाशी दिसताच त्यानं केळी स्वतःच हलवलेली असतात.

कारण विचारायची सोय नाही, कारण ते सांगतात. "अहो, पिकलेलं केळं गुपचूप वायू सोडून राहिलं हाय. इथिलीन. तो बाजूच्या चिकूले निरोप देते, की चाल, पीक आता. चिकू बिचारा तयार नसते, तरी पिकते. मंग तुम्ही म्हणता चिकू सडला. सडला नाही, त्याले सडवला."

एकदा सौसरला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. दोन्हीकडची मंडळी बसलेली, मध्ये फळांची ताटं सजवलेली. सरांची नजर ताटावर गेली. केळ्यांचा घड थेट सफरचंदांच्या कुशीत. सर उठले आणि वर्गात ओरडावं तसे ओरडले, "वेगळे करा यांना! आताच करा, नाही तर चार दिवसांत दोघंही खराब होतीन!" नवरदेवाच्या आजीच्या हातातली सुपारी खाली पडली. पुढचा अर्धा तास मी आणि कळंबे वहिनी मुलाकडच्यांना इथिलीन समजावत होतो. मी इतिहासाचा मास्तर. मला ते तेव्हा जेमतेम कळलं होतं, पण लग्न टिकवायचं म्हणून समजावलं.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या शाळेत आम्ही दोघं बरोबर निवृत्त झालो आणि घरंही भिंतीला भिंत लागून. सर जीवशास्त्र शिकवत. शिकवत हिंदीत, रागवत मराठीत, त्यामुळे पोरांना दोन्ही भाषा नीट आल्या. सहकाऱ्यांना ते विषयाच्या नावानंच हाक मारत. गणित, इकडे या. भूगोल, चहा घेता का. मी अजूनही "इतिहास"च आहे. पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, आता पेन्शनच्या कागदावर स्वतःचं नाव वाचलं की क्षणभर परकं वाटतं.

नोकरीत असेपर्यंत सरांचं हे वेड बेताचं होतं. निवृत्तीनंतर मात्र ताळतंत्र सुटलं. गल्लीत कोणाच्याही अंगणात शिरायचं आणि झाडाचा शेंडा खुडायचा. माझ्या बायकोचा मोगरा एका काडीवर सरळ वर चालला होता. सरांनी येऊन त्याचं डोकं उडवलं. ती आठ दिवस सरांशी बोलली नाही. महिन्याभरात त्या मोगऱ्याला चहूबाजूंनी फांद्या फुटल्या आणि उन्हाळ्यात एवढी फुलं आली की तिनं वाटीभर फुलं सरांकडे पाठवली. सोबत माझ्यामार्फत निरोप, "आता माझ्या तुळशीला हात लावायचा नाही."

"शेंडा वर बसून खालच्यांना दाबून राहिला होता," सर मला म्हणाले. "खालचे डोळे मेले नव्हते, झोपले होते. इतिहास, एक गोष्ट ध्यानात ठेवा. अडवणारा कोण हाय, ते पहा."

हे त्यांचं पालुपद. याचा अर्थ मला त्यांनी आमच्या ओट्यावर बसवून समजावला होता. झाडाच्या प्रत्येक पेशीत, मुळात काय आणि पानात काय, एकच पोथी असते. पानाला त्या पोथीतली मुळाची पानंही माहीत असतात, पण ती वाचायची परवानगी नसते. कारण पोथीच्या त्या त्या पानावर, म्हणजे जीनवर, एकेक बाबू हात ठेवून बसलेला. हार्मोन येतं ते काही झाडाला मागून ढकलत नाही. ते चिठ्ठी घेऊन येतं आणि बाबूला उठवतं. बाबू उठला की पान उघडं पडतं, वाचलं जातं आणि झाड वाढतं, फुलतं, जे काय करायचं ते करतं.

"मतलब वाढ आपण करत नाही," सर म्हणाले. "ते आतमंदी असतेच. आपण फक्त अडवणारा उठवतो."

हे सूत्र ते कशालाही लावत. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा सगळे पेढे वाटत होते आणि सर म्हणत होते, "जीन त होतीच. बाबू आता उठला." शेजारच्या चौरागड्यांचा मुलगा तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झाला, तेव्हाही हेच. माझ्या गुडघ्याला सूज आली तेव्हा मात्र मी त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

आता हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, गमतीदार म्हातारा आहे. आहेच. पण मी त्यांचा शेजारी आहे आणि त्यांच्या घरातून काय ऐकू यायचं आणि काय यायचं नाही, हे मला माहीत आहे.

सरांना एकच मुलगी, अर्चना. अर्चू. हुशार म्हणजे किती, तर मी तिला इतिहास शिकवायला घाबरत असे. तिचा निकाल लागला की ती मार्कशीट घेऊन बापासमोर उभी राहायची. सर चष्मा लावायचे, कागद वाचायचे आणि म्हणायचे, "ठीक हाय. पण भौतिकमंदी कमी हायेत." एके वर्षी शाळेत पहिली आली. "ठीक हाय. पण शाळा लहान हाय आपली." सरांच्या कौतुकाला नेहमी एक "पण" जोडलेला असायचा, आणि पोरगी पुढच्या वर्षी तो "पण" पुसायला झटायची, तोवर दुसरा तयार.

एकदा ती आमच्या ओट्यावर येऊन रडली. माझ्या बायकोला राहवलं नाही. ती सरळ सरांकडे गेली आणि म्हणाली, "भाऊजी, एकदा तरी शाबास म्हणा लेकराले."

सर म्हणाले, "वैनी, संत्र्याले ताण दिल्याशिवाय बहार येते का?"

आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळचा बहार, घ्यायचा तर थंडीत संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडतात. पानं वळतात, मलूल होतात, थोडी गळतातही. याला ताण देणं म्हणतात. झाडाला वाटतं आता काही खरं नाही, आणि ते पानांचा नाद सोडून फुलांच्या तयारीला लागतं. महिना-दीड महिन्यानं पाणी सोडलं की सगळी बाग पांढरी होते. सरांचं गाव रामाकोन्याजवळ, बाप-आजे संत्रेवाले. त्यांनी बागेचा नियम घरात आणला.

आणि बहार आला, हे नाकारता येत नाही. अर्चू शिकत गेली, हैदराबादला गेली, पीएच.डी. झाली, तिथल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत लागली. काम तरी कोणतं? झाडाला फूल केव्हा येतं, कोणती जीन उघडते, कोणतं हार्मोन कोणाला उठवतं, हेच. पण ती घरी येईना. दर रविवारी फोन आईला. बापाशी दोन वाक्यं.

"बरे हाय?"

"हाय. तू?"

"बरी हाय."

की फोन परत आईकडे.

एका रविवारी मी तिथंच बसलो होतो. सरांनी फोन परत देण्याआधी घसा खाकरला आणि विचारलं, "ते तुझ्या प्रबंधात, पाणी तोडलं की जिब्रेलिन, ते पानं वाढवणारं हार्मोन, कमी होते म्हणून लिहिलं न तू, ते कसं होते?" मग अर्चू बोलायला लागली आणि बोलतच राहिली. वहिनींची भाजी लागली तरी त्या उठल्या नाहीत. सर नुसते "हं, हं" करत होते आणि दुसऱ्या हातानं पेन्सिल शोधत होते.

तेव्हा मला कळलं की निवृत्तीनंतर वेड का वाढलं. सरांच्या वेळच्या पुस्तकात या विषयाचं पानभर होतं, फार तर दोन. अर्चूचा प्रबंध इंग्रजीत, जाडजूड. सरांनी त्याची झेरॉक्स करून स्पायरल बांधून घेतली होती. रोज दुपारी शब्दकोश घेऊन दोन-तीन पानं. जे समजलं ते संध्याकाळी गल्लीत आम्हाला सांगून पाहायचे, बरोबर बसतं का म्हणून. जे समजलं नाही ते समासात पेन्सिलीनं, वर लिहिलेलं, "रविवार". आम्ही सगळे त्यांची तालीम ऐकत होतो. माझ्या बायकोचा मोगरासुद्धा तालमीतच गेला.

गेल्या मार्गशीर्षात अर्चूनं फोनवर सांगितलं की फेब्रुवारीत येते. चार वर्षांनी. "माझं झाड बहरलं असन तवाच येतो," ती आईला म्हणाली. "लय दिवस झाले त्याचा वास घेऊन."

झाड म्हणजे सरांच्या अंगणातलं संत्र्याचं झाड. दहावीत असताना तिनं स्वतःच्या हातानं जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर काकाच्या बागेतल्या संत्र्याचा डोळा बांधून कलम केलं होतं, तेच. घरी असेपर्यंत ती दर थंडीत त्याला ताण द्यायची आणि झाड असं बहरायचं की आमच्या घरातल्या वरणालाही संत्र्याच्या फुलांचा वास यायचा. ती हैदराबादला गेली आणि झाडानं फुलणं सोडलं. आलीच तर चुकार चार फुलं. पाला मात्र हिरवागार. सरांकडे दर वर्षी कारण तयार असे. कधी थंडी कमी पडली, कधी अवकाळी पाऊस, कधी "बाबू उठून नाही राहिला."

या वर्षी मात्र सर कामाला लागले. झाडाभोवतीची माती उकरली, मुळं थोडी उघडी केली, चुन्यानं गोल आखला आणि दाराच्या फळीचा तुकडा रंगवून पाटी ठोकली: "ताण चालू आहे. पाणी टाकू नये. – आज्ञेवरून." आज्ञा कोणाची ते लिहिलं नव्हतं. गल्लीनं ती तंतोतंत पाळली. बायका धुण्याचं पाणी लांब वळसा घालून नालीत ओतू लागल्या. चौरागडे तोंड धुऊन चूळसुद्धा त्या बाजूला टाकेनात.

तीन आठवडे झाले. रामाकोन्याहून सरांचा भाऊ आला, त्याच्या बागेतली पानं द्रोणासारखी वळली होती म्हणाला. इकडे सरांचं झाड तेल लावून बसल्यासारखं तुकतुकीत. भावानं पान चुरडून पाहिलं आणि चहा पिऊन गेला.

त्या दिवशी कळंबे वहिनी कुंपणाशी आल्या. कमी बोलणारी बाई. नवरा एवढं बोलतो म्हटल्यावर कोणीतरी कमी बोललंच पाहिजे.

"भाऊ, तुमची खिडकी आमच्या झाडाकडंच उघडते न?"

"हो, वहिनी."

"मंग सकाळी जरा लवकर उठत जा. अडवणारा कोण हाय, ते पहा."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मला माझी जबाबदारी पटली. अर्चूला अंगाखांद्यावर खेळवली आहे मी. चार वर्षांनी पोरगी येणार, ती झाडाचा वास घ्यायला, आणि कोणी दुष्ट माणूस चोरून पाणी घालतो म्हणजे काय? माझा संशय चौरागड्यांवर होता. इतिहासात असल्या गोष्टी नेहमी शेजारचाच करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोपी घालून मी खिडकीशी बसलो. उजाडलं तशी सरांच्या दाराची कडी वाजली. सर बाहेर आले. खांद्यावर पंचा, हातात तांब्या. झाडाशी जाऊन उभे राहिले, तांब्या दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलला आणि पाण्याची धार सोडली. सूर्याला अर्घ्य! मी थक्क झालो. ज्या माणसानं जन्मभर देवाला नमस्कार केला नाही, सत्यनारायणाच्या प्रसादातलं केळं वेगळं काढून ठेवलं, तो अर्घ्य देत होता. म्हातारपण सगळ्यांनाच वळणावर आणतं, असं म्हणून मी डोळे मिटून त्यांच्याबरोबर हात जोडले.

डोळे उघडले तर सर दुसरा तांब्या ओतत होते. मग तिसरा. मग नळाशी जाऊन परत. सातवा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की सूर्य आमच्या घराच्या बाजूनं उगवतो आणि सरांची त्याच्याकडे पाठ आहे. धार सरळ चुन्याच्या गोलात पडत होती. मान हलत होती, काहीतरी पुटपुटत असावेत. मंत्र ऐकावा म्हणून मी खिडकी हळूच उघडली.

"पी बाप्पा, पी. जास्त नाही देत. एवढंच. अर्चूले सांगू नको."

मी कानटोपीसकट कुंपणाशी गेलो. सरांनी मला पाहिलं, तांब्या पाठीमागे लपवला. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पंच्यात, पाठीमागे तांब्या लपवून उभा. हसायला हवं होतं, पण मला राग आला.

"सर, पाटी तुम्हीच लावली न? ती पोरगी फुलं पाहायला येऊन राहिली!"

"माहीत हाय मले."

"मग?"

सरांनी खाली बसून ओली माती हातानं सारखी केली.

"तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानं वळून येतेत, इतिहास. दुपारी पाह्यलं मी. अशी मान खाली घालून उभी असतेत, काहीच न म्हणता. अर्चू तशीच उभी राहे. मार्कशीट घेऊन." त्यांनी चष्मा काढला आणि पंच्याला पुसला. "मले सारं समजते. पाणी तोडलं त जिब्रेलिन उतरन, फुलावरचा बाबू उठन, फूल येईन. पान नंबरसकट सांगतो. पण पाहवत नाही. पोरीच्या टायमाले कसं पाहवलं, तेच समजून नाही राहिलं."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि कुंपणावर ठेवला. पुढे रोज सकाळी तो तिथून उतरायचा आणि ओला होऊन परत तिथंच चढायचा. वहिनींना मी काहीच सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मला वाटतं त्यांना आधीपासून ठाऊक होतं, फक्त नवऱ्याला साक्षीदार हवा म्हणून त्यांनी मला उठवलं.

अर्चू आली तेव्हा सगळीकडे बहार होता. नागपूरहून येणाऱ्या गाडीतून उतरली तीच म्हणाली, की तिगावच्या अलीकडे डब्यात वास शिरला आणि सगळे खिडकीकडे पाहायला लागले. सर तिला घ्यायला स्टेशनवर गेले नाहीत. मीच गेलो. सर झाडाशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून, पाटी झाकली जाईल अशा बेतानं.

पोरीनं फाटकातून झाड पाहिलं. नवी पालवी, हिरवीगार, टवटवीत. फूल एकही नाही. ती जवळ आली, चप्पल काढली आणि अंगठ्यानं माती दाबून पाहिली. शेवटी पोरगी त्याच कामाची.

"बाबा, माती ओली हाय."

सर सुरू झाले. "यंदा थंडी कमी पडली. त्यात कसं हाय, जीनवरचा बाबू..." आणि तिथंच थांबले. वहिनी दारात उभ्या होत्या. मी अर्चूची बॅग घेऊन फाटकात. कोणीच त्यांच्या मदतीला आलं नाही.

"मी दिलं पाणी," सर म्हणाले. "पाहवलं नाही."

"यंदा?"

"तू गेली त्या वर्षापासून. दर वर्षी."

सरांनी खिशात हात घातला, काही सापडलं नाही, हात बाहेर काढला. मग वर्गात धडा म्हणावा तशा आवाजात म्हणाले, "तुझा प्रबंध वाचला मी. पुरा. दोनदा. ते अडवणाऱ्याले हार्मोन कसं बाजूला करते, ते जे लिहिलं न तू... लय चांगलं लिहिलं. मले इतकं चांगलं शिकवता नसतं आलं."

अर्चू थांबली. मीही थांबलो. आम्ही दोघंही त्या "पण"ची वाट पाहत होतो. वर्षानुवर्षांची सवय. "पण" आलाच नाही.

मग ती पोरगी तिथंच, मातीत, प्रवासाच्या चांगल्या कपड्यांत खाली बसली आणि दहावीत आमच्या ओट्यावर रडली होती तशी रडली. सरांना काय करावं सुचेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उचलला, परत ठेवला. माझाही चष्मा धुरकटला, ते मी लपवत नाही.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, कुंपणावरचा तांब्या घेतला, नळावर भरला आणि सरांच्या हातात दिला.

"ताण तोडायचा त नीट तोडा न, बाबा. पोटभर पिऊ द्या त्याले."

सर म्हणाले, "फुलं नाही येणार मंग."

"नाही आली त नाही आली," ती म्हणाली. "मी फुलांसाठीच थोडी आली."

ती आठ दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कानटोपी घालून मी खिडकी उघडली, आता पहारा नव्हता तरी. समोर दोन तांबे, दोन माणसं, आणि दोघंही सूर्याकडे पाठ करून अर्घ्य देत होते.